आठच्या गाडीत ज्यांना बसता येत नाही : आमच्या ग्रामसभेला खुलं पत्र

आदरणीय सरपंचताई, उपसरपंच, सर्व सदस्य, ग्रामपंचायत अधिकारी साहेब, रोजगार सेवक भाऊ, आणि ग्रामसभेला येणारे व न येणारे सगळे गावकरी,

सप्रेम जय गुरू.

१५ ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आली आहे. मागचं इतिवृत्त, जमाखर्च, घरकुलाची यादी, नाली, पाण्याची टाकी हे विषय होतील आणि व्हायलाच पाहिजेत. पण ऐनवेळचे विषय येईपर्यंत अर्धी माणसं उठून गेलेली असतात, हे मी इतकी वर्षं पाहते आहे. म्हणून माझा विषय आधीच लिहून सगळ्यांसमोर ठेवते.

आपल्या गावात स्वतःच्या दुखण्यापायी किंवा घरातल्या दुखणेकऱ्यापायी जी माणसं घरात अडकून पडली आहेत, त्यांच्यातली बरीच जण कामाला लागू शकतात. त्यांना रोज तीन-चार तास कोणाची तरी सोबत पाहिजे, आणि जी बाई किंवा जो माणूस सोबत करेल त्याला त्याची मजुरी मिळाली पाहिजे. ती मजुरी ग्रामपंचायतीनं द्यावी, एवढंच मागणं आहे. हे मी कशावरून म्हणते ते सांगायला थोडं लांबण लागेल.

ग्रामसंघाची सचिव म्हणून मला घरोघर हिंडावं लागतं. गेल्या उन्हाळ्यात आम्ही बचतगटाच्या बायकांनी एक वही केली. कोण कामाला जात नाही आणि कशामुळे, एवढंच त्यात लिहायचं. पहिल्या फेरीत आम्हाला वाटलं, चार-पाच घरं निघतील. वहीचं पान भरलं आणि दुसऱ्या पानावर गेलं. कोणाचा नवरा लकव्यानं खाटेवर, कोणाची सासू आंधळी, कोणाचं लेकरू मतिमंद, कोणाला स्वतःलाच सिकलसेल. एक जण फवारणीत विषबाधा होऊन वाचला, पण तेव्हापासून नजर अधू झाली आणि वावराचं नाव काढलं की त्याला घाम फुटतो. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा पेपरात रोज आकडे येत होते. जे वाचले ते नंतर कामावर परतले की नाही, हे कोणी मोजलं नाही.

दुसऱ्या फेरीत आणखी एक गोष्ट कळली. बायका स्वतःचं दुखणं दुखण्यात धरतच नाहीत. कंबर धरली, पांढरं जातं, अंग बाहेर येतं, हे सगळं ‘चालायचंच’ मध्ये जातं. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या, त्यातल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग निघाले. तो अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला आणि जगभर वाचला गेला. आपल्या वहीत मात्र ‘कामाला का जात नाही’च्या रकान्यात अशा बायका ‘घरकाम’ एवढंच सांगत होत्या. दोन-तीनदा बसून बोलल्यावर खरं कारण निघालं. रोवणीला, निंदणाला दिवसभर ओणवं राहता येत नाही म्हणून त्या घरी होत्या.

आता एका पोरीचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे, नाव लिहीत नाही.

तेवीस वर्षांची आहे, बारावी झालेली. सिकलसेलची रुग्ण आहे, नुसती वाहक नाही. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. या आजारात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात. मग हाडं अशी दुखतात की माणूस लोळतो. थंडी, कडक ऊन, कमी पाणी, अति मेहनत, साधा ताप, कशानंही दुखणं उठतं. रोजची हायड्रॉक्सियुरियाची गोळी आणि फॉलिक अॅसिड घेतलं, पाणी भरपूर प्यायलं, तर ही माणसं बरेच दिवस चांगली राहतात. आपला पूर्व विदर्भ या आजाराचा पट्टा आहे. १ जुलै २०२३ ला केंद्र सरकारनं २०४७ पर्यंत सिकलसेल हटवायची मोहीम जाहीर केली, गावोगाव तपासणी झाली, कार्डं वाटली गेली. तपासणीचं काम चांगलंच आहे. पण कार्ड हातात आल्यावर पोरीनं पुढे करायचं काय, हे कार्डावर लिहिलेलं नाही.

तिला काम पाहिजे होतं. मला म्हणाली, “काकू, मले कापूस वेचता येते वो. पन आठची गाडी नाई जमत.”

तुम्हा सगळ्यांना ती आठची गाडी माहीत आहे. चौकात पिकअप नाहीतर आटो उभा राहतो, पंधरा-वीस बायका डबे घेऊन बसतात, आणि गाडी त्यांना पाच वाजता परत आणते. मार्गशीर्षात सकाळी पऱ्हाटी दवानं चिंब असते. धडधाकट बायकांची बोटं आखडतात, तर सिकलसेलच्या पोरीनं त्या गारठ्यात हात घालणं म्हणजे दवाखान्याची वाट धरणं. अकरा वाजता, दव उडून गेल्यावर, ती आरामात वेचू शकते. तीनपर्यंत. त्यापुढे ती थकते.

आणि कापसाची वेचणी तर किलोवर असते! रोजावर असती तर गोष्ट वेगळी होती. जेवढं वेचलं तेवढ्याचे पैसे, मग अकराला येऊन तीनला गेलेल्या बाईनं कोणाचं काय बिघडतं? मी बराच विचार केला तेव्हा लक्षात आलं की अडचण आजाराची कमी आणि गाडीची जास्त आहे. गाडी एकदाच जाते, एकदाच येते, काटा एकदाच होतो. हा सगळा बेत धडधाकट माणसाच्या दिवसाप्रमाणे आखलेला आहे.

गावाला लागून ज्यांचं वावर आहे त्या एका भाऊंना मी गाठलं. ते नाही म्हणाले नाहीत, पण म्हणाले, “मले दोनदा काटा करा लागंन.” मी म्हटलं, “तिचा काटा मी करतो, भाऊ. तुम्ही फक्त वहीवर सही करा.” पहिल्या दिवशी तीन वाजता मी धुऱ्यावर गेले. बाभळीच्या फांदीला काटा टांगला, तिनं ओढणीत बांधलेलं गाठोडं आकड्याला अडकवलं. चौदा किलो. तिनं काट्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “परत पाह्य ना वो काकू.” मी परत गाठोडं लावलं. चौदाच. तिनं माझ्या हातातून पेन घेतला आणि वहीत आपल्या हातानं आकडा लिहिला, खाली रेघ ओढली. घरी जाताना गाठोड्याचा कापूस चिकटलेली ओढणी तिनं झटकलीसुद्धा नाही.

ती सगळा हंगाम आली. मध्ये दोनदा दुखणं उठलं. दोन्ही वेळा आठ-आठ दिवस घरी राहिली, आणि बरी झाल्यावर परत आली. हे ‘परत आली’ मला फार मोलाचं वाटतं. टोळीत एकदा खाडा पडला की जागा जाते, म्हणून आजारी माणूस एकदा सुटला की कायमचा सुटतो. हिची जागा कोणी घेतली नाही, कारण हिच्यासाठी वेळच वेगळी ठेवली होती.

आपण वरोरा तालुक्यातली माणसं. पाहुणे आले की आपण त्यांना आनंदवन दाखवायला नेतो. बाबा आमटेंनी १९४९ साली महारोगी सेवा समिती काढली. सहा रुग्ण, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये एवढ्यावर सुरुवात झाली, हे आपण पाहुण्यांना अभिमानानं सांगतो. ज्यांची बोटं झडली होती त्यांनी तिथे विहीर खोदली, शेती पिकवली, हातमाग चालवले. काम हाताच्या मापाचं करून दिलं म्हणून ते झालं. पण ती माणसं तिथे गेली कारण त्यांच्या गावांनी त्यांना बाहेर काढलं होतं. सिकलसेलच्या पोरीला, लकव्याच्या माणसाच्या बायकोला आपण बाहेर काढलेलं नाही, ते आपल्याच आळीत राहतात. मग त्यांच्यासाठी कामाचं माप बदलायला दुसरं आनंदवन कशाला लागावं? आपलं गाव पुरे आहे.

आता सोबतीचं सांगते, कारण माझ्या पत्राचा गाभा तोच आहे.

हातपंपाजवळच्या घरातल्या वहिनींचे मालक तीन वर्षांपासून लकव्यानं पडून आहेत. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाणी चमच्यानं पाजावं लागतं, घाई केली तर ठसका लागतो. घरात दुसरं कोणी नाही, पोरगा पुण्याला कंपनीत. वहिनी आधी निंदणाला, सोंगणीला जायच्या. अर्ध्या दिवसाचं काम मिळालं असतं तरी त्यांचं भागलं असतं, आणि तसं काम चालूनही आलं. सकाळी दहा ते दोन, गावातल्या गावात, स्वयंपाकाचं. अडचण फक्त या चार तासांची होती.

आम्ही गटाच्या पाच जणींनी वार वाटून घेतले. सोमवार माझा. मी जायचे, दहाच्या ठोक्याला कूस बदलायची, बाराला परत, मध्ये पेज पाजायची, रेडिओ लावून द्यायचा. वहिनींनी आम्हाला सगळं शिकवलं, उशी कुठे ठेवायची, हात कुठून धरायचा. हे सात आठवडे चाललं. आठव्या आठवड्यात सोयाबीनची सोंगणी लागली आणि मोडलं.

मोडलं म्हणजे कोणी भांडलं नाही. ज्या बाईचा बुधवार होता तिला सोंगणीचा रोज मिळत होता. वर्षातले ते पंधरा-वीस दिवस तिच्या चुलीचे दिवस. ती माझ्याकडे रडत आली. “मी बसतो त्यायच्यापाशी, पन मंग माह्या लेकराच्या फीचं काय करू?” तिला मी काय उत्तर देणार होते? दुसऱ्या दिवशी शुक्रवारवालीनं निरोप पाठवला. दहा दिवसांत वहिनींचं काम गेलं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली आहे. गरीब माणसाच्या गावात शेजारधर्म हंगामाला तुटतो. मन कोतं असतं म्हणून तुटत नाही, सोबत करणारीचाही रोज बुडतो म्हणून तुटतो. आणि सोबतीची गरज हंगामातच जास्त असते, कारण काम तेव्हाच असतं. तेव्हा सोबत करणारीला तिचा रोज द्या, म्हणजे ते टिकेल. नुसतं ‘महिलांनी पुढाकार घ्यावा’ असं भाषण करून ते टिकणार नाही. आशाताईंच्या डोक्यावर हे टाकायचं तर अजिबात नाही, त्यांच्या रजिस्टरांची संख्या आधीच त्यांना पेलवत नाही.

मी हे पुस्तकातून शिकले नाही. माझ्या सासूबाई नऊ वर्षं खाटेवर होत्या. त्या काळात मला दूध संकलनाच्या केंद्रावर नोंदी लिहायचं काम सांगून आलं होतं. मी दहावी पास, अक्षर चांगलं. पहिल्या दिवशी डबा बांधला, चप्पल घातली, आणि आतून त्यांनी हाक मारली. कपडे ओले झाले होते. मी चप्पल काढली, त्यांचं केलं, आणि मग उशीर झाला म्हणून गेलेच नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. त्यांच्यावर माझा राग नव्हता, आजही नाही. त्या माझ्या मांडीवर गेल्या. पण त्या नऊ वर्षांत एकाही माणसानं, एकाही सभेत, हे विचारलं नाही की या बाईचे चार तास कोणी सोडवू शकतं का. पूर्ण देशाचं वेळेचं सर्वेक्षण २०१९ साली झालं, त्यात बाई दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घरच्या बिनपगारी कामाला देते आणि पुरुष ९७ मिनिटं, असं निघालं. मला वाटतं, जिच्या घरी खाट आहे तिचा दिवस त्या सरासरीत मावत नाही.

सांभाळणं हे काम आहे, त्याला मजुरी असते, हे मी नवीन सांगत नाही. मागेल त्याला काम, हे तर आपल्या महाराष्ट्रानं देशाच्या आधी सुरू केलं. वि. स. पागे यांची रोजगार हमी १९७२ च्या दुष्काळात राज्यभर चालली, १९७७ साली तिचा कायदा झाला. पुढे २००५ साली केंद्राचा कायदा आला तेव्हा त्याच्या अनुसूचीत लिहिलं गेलं की कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त लेकरं असतील तर त्यांना सांभाळायला एक बाई लावायची आणि तिला इतर मजुरांइतकीच मजुरी द्यायची. दिव्यांग मजुराला त्याला जमेल असं काम द्यायचं, पाणी पाजायचं, लेकरं सांभाळायचं, हेही त्याच्या मार्गदर्शिकेत होतं. योजनांची नावं बदलतात, दिवस कमी-जास्त होतात. पण सावलीत बसून लेकरं सांभाळणारी बाई माती खोदणारीइतकीच मजूर आहे, हे एकदा कायद्यानं मान्य केलं ते केलं. रोजगार सेवक भाऊ, आपल्या कामांवर अशी बाई शेवटची कधी लागली ते तुम्हीच आठवून सांगा. मी तर पाहिली नाही. लेकरं बांधाच्या कडेला साडीच्या झोळीत असतात, हे मात्र पाहिलं आहे.

लेकराला जे लागू तेच खाटेवरच्या माणसाला लागू करायला काय हरकत आहे?

पैसा कुठून आणायचा, हा प्रश्न तुम्ही विचाराल आणि विचारायलाच पाहिजे. ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी आणि १० टक्के महिला व बालकल्याणासाठी खर्च करायचे असतात. समजा आपली घरपट्टी, पाणीपट्टी आणि इतर मिळून स्वउत्पन्न वर्षाला चार लाख धरलं, तर ५ टक्क्यांचे २० हजार आणि १० टक्क्यांचे ४० हजार, असे ६० हजार होतात. चार तासांच्या सोबतीला १५० रुपये धरले तर ६० हजारांत ४०० वेळा सोबत मिळते. चार घरांना, सोयाबीनच्या सोंगणीपासून कापूस सरेपर्यंतच्या हंगामातले शंभर-शंभर दिवस. वहीतली सगळी घरं यात येणार नाहीत, मला माहीत आहे. पण चार घरं म्हणजे चार माणसं कामाला लागली आणि शिवाय सोबत करणाऱ्या चार जणींना गावातच रोज मिळाला. ज्या बाईला दिवसभर ओणवं होता येत नाही, तिला बसून करायचं हे काम जमतं. वहीतल्या अशा दोघी तयार आहेत.

आजवर ५ टक्क्यांचा पैसा आपण यादीतल्या दिव्यांगांना सारखा वाटून दिला. कोणाच्या वाट्याला किती आले ते सांगायला मला संकोच वाटतो. ती रक्कम घेऊन माणूस फोटो काढून घरी गेला आणि दुसऱ्या दिवसापासून परत ओसरीवर बसला. मी हे दोष द्यायला लिहीत नाही, सोपा मार्ग सगळेच धरतात. पण या वर्षी तो पैसा असा वापरून पाहा.

यात एक अडचण आहे ती आधीच सांगते. ५ टक्क्यांचा निधी प्रमाणपत्र असलेल्या दिव्यांगांसाठीच आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत आणि सिकलसेल त्यात आहे, हे आपल्याकडे कितीतरी लोकांना ठाऊक नाही. पण सवलतींसाठी निदान ४० टक्के अपंगत्वाची अट लागते, आणि प्रमाणपत्र काढायला जिल्ह्याच्या ठिकाणी जावं लागतं. मी त्या पोरीला घेऊन तीन खेपा केल्या. एकदा डॉक्टर रजेवर, एकदा मशीन बंद, तिसऱ्यांदा कागद कमी. प्रत्येक खेपेला माझा आणि तिच्या आईचा रोज बुडाला. हे एकेकट्यानं करायचं काम नाही. ग्रामपंचायतीनं वर्षातून दोनदा गाडी करावी, सगळ्यांचे कागद आधी तपासून घ्यावेत, आणि एक माणूस सोबत पाठवावा. लग्नाला गाडी होते, सभेला होते, मग याला का होऊ नये? जे ४० टक्क्यांत बसत नाहीत किंवा दिव्यांग नाहीत, पण घरात खाट आहे, त्यांच्यासाठी १० टक्क्यांतला पैसा धरावा. ‘नियमात बसत नाही’ असं उत्तर असेल तर ते कृपा करून लेखी द्यावं, म्हणजे आम्हाला पंचायत समितीत विचारता येईल.

आता निराधारच्या पैशाचं. वहीतल्या किमान अर्ध्या घरांत मला एकच प्रश्न आला, तोही आवाज खाली करून. “हजेरीवर नाव आलं तं माह्यं निराधार बंद होईन का?” संजय गांधी निराधार योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला २१ हजार रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५० हजार. २१ हजार म्हणजे महिन्याला १,७५०. एखाद्या विधवा बाईनं आजारातून उठून महिन्यात आठ-दहा रोज केले की ती त्या रेघेपाशी पोचते. मग ती काय करते? काम मिळत असून नाही म्हणते, नाहीतर दुसरीच्या नावावर करते. दर महिन्याचे १,५०० रुपये पक्के, काम मात्र पावसावर आणि तब्येतीवर. तिनं पक्कं धरलं तर तिला आळशी म्हणू नका. ही भीती ग्रामसभेला दूर करता येत नाही, कारण मर्यादा सरकारची आहे. पण ग्रामसभा ठराव करून तहसीलदारांमार्फत वर पाठवू शकते की ही मर्यादा वाढवा, आणि आजारातून कामाला लागणाऱ्या माणसाचं अनुदान निदान पहिलं वर्षभर तोडू नका. एका गावाच्या ठरावानं काय होतं, असं कोणी म्हणेल. तालुक्यातल्या प्रत्येक गावानं केला तर काही होईल. सुरुवात कोणीतरी करायचीच आहे.

मनाच्या आजारावर थोडंच लिहिते, कारण त्याबद्दल आपल्या गावात अजून मोकळेपणानं बोलणं नाही आणि मला कोणाच्या घराची झाकली मूठ उघडायची नाही. पण अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला होता. त्यात गावातल्याच माणसांना शिकवून त्यांना घरोघर पाठवलं. आधी नैराश्य असलेल्या शंभरातल्या जेमतेम चार जणांपर्यंत उपचार पोचत होते, दीड वर्षात ते प्रमाण २७ टक्क्यांवर गेलं. डॉक्टर एकदम वाढले नव्हते, दार वाजवणारी ओळखीची माणसं वाढली होती. आपल्या विषबाधेतून वाचलेल्या भावाला एक आजोबा रोज सकाळी हाक मारून बकऱ्या चारायला सोबत नेतात. तीन महिन्यांनी तो पहिल्यांदा आपल्या वावराच्या धुऱ्यापर्यंत गेला, आत गेला नाही. या पावसाळ्यात तो डवऱ्यामागे उभा राहिला. फवारणी त्याला कधीच करायला लावू नये, हे मात्र सगळ्यांनी ध्यानात ठेवा.

तर ठराव असा मांडते आहे. ज्या घरांत खाट आहे किंवा ज्यांना आजारामुळे पूर्ण दिवस झेपत नाही, त्यांची नोंद ग्रामसंघाच्या वहीवरून ग्रामपंचायतीनं करावी, ज्याची त्याची संमती घेऊन, आणि आजाराचं नाव फलकावर न लावता. निवडलेल्या घरांना हंगामात चार तासांची सोबत द्यावी, सोबत करणारीला दर आठवड्याला बँकेत मजुरी जमा व्हावी. दर आठवड्याला म्हणते आहे, कारण दोन-तीन महिन्यांनी मिळणाऱ्या मजुरीवर गरीब बाई टिकत नाही. ग्रामपंचायतीच्या अखत्यारीतल्या कामांत, नर्सरी असो, झाडांना पाणी घालणं असो, अंगणवाडीची परसबाग असो, अर्ध्या दिवसाच्या पाळ्या ठेवाव्यात, उन्हाळ्यात सकाळची आणि थंडीत दुपारची. आणि ज्यांचं वावर गावाला लागून आहे त्या शेतकरी भावांना माझी हात जोडून विनंती आहे. किलोवरच्या कामात उशिरा येणाऱ्याला नाही म्हणू नका. काटा करायला आम्ही येतो.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची हे कायद्यातच आहे, आणि ती कागदावर होते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. या वेळी ती खरोखर घ्या. समाजमंदिराची किल्ली आदल्या दिवशी आमच्याकडे द्या, बायका आम्ही जमवतो.

ठरावाची सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक म्हणून हातपंपाजवळच्या वहिनी उभ्या राहणार आहेत. त्यांना ग्रामसभेला दोन तास यायचं आहे, आणि तीन वर्षांत त्या कुठल्याच सभेला आलेल्या नाहीत. त्या दोन तासांसाठी त्यांच्या मालकांपाशी माझी सून बसणार आहे. कूस कधी बदलायची, उशी कुठे द्यायची, हे वहिनींनी तिला काल शिकवलं.

आपली नम्र,
ग्रामसंघाची सचिव
(तालुका वरोरा, जिल्हा चंद्रपूर)